शीग धरली तर दगड खरा

सखाराम, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला.

खरं सांगतो, तो उशीर करील या भरवशावर मी घाटावर आलो होतो. कोटाच्या आतल्या खिशात तो कागद होता, बारा वर्षं पत्र्याच्या पेटीत तळाला घालून ठेवलेला. माझं मनाशी ठरलं होतं. पिंड ठेवतील, कावळे लांब चिंचेवर बसून राहतील, लोक कुजबुजायला लागतील, तुझी लेक काशी रडवेली होऊन एकेकाच्या तोंडाकडं बघेल. मग मी पुढं होऊन म्हणेन, "सखाराम, तुझं काय राहिलंय ते मला ठाऊक आहे. ते मी पुरं करतो." दहाव्याच्या घाटावर कुणी काही कबूल केलं तर लोक त्याला फार बोलत नाहीत. मेलेल्याच्या इच्छेखातर केलं म्हणून ते खपून जातं. एवढी सोय मी स्वतःची करून ठेवली होती.

तुझा पुतण्या पिंड ठेवून चार पावलं मागं सरकला नसेल, तोवर कावळा उतरला. भाताला चोच लावली आणि मजेत खाऊ लागला. मागून भाजीवाली गोदाबाई म्हणाली, "बघा, काई मागनं न्हवतं बापड्याचं. धुतल्या तांदळावानी मानूस."

आणि तिच्या शेजारचा कुणीतरी हळूच म्हणाला, "तेवढं एक दगडाचं सोडलं तर."

सखाराम, तेव्हाही मी गप्प राहिलो. कागद खिशात होता, दगड वीस हातांवर होता, आणि मी टोपी नीट करून घरी आलो.

हे तुला उद्देशून लिहितो आहे, पण इतरांनीही वाचावं म्हणून लिहितो आहे. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. आपल्या बाजाराच्या तोंडाशी, जिथून मांजरा नदीचे दगडी उतार सुरू होतात तिथं, एक ओटा होता. ओट्यात एक काळा दगड बसवलेला आणि दगडाच्या पोटात गोल खळगा कोरलेला. तो गावाच्या पायलीचा दगड. मापाडी ज्या लोखंडी पायलीनं धान्य मोजायचे ती खरी की खोटी, हे त्या दगडावर ताडून बघायचं. घेणाऱ्या-देणाऱ्याची कटकट झाली की कुणीतरी म्हणायचं, "भांडता कशाला? दगडावर चला." दगडाजवळ बसायचा मान तुमच्या घराचा. तुझा आजा, तुझा बाप आणि मग तू.

तुझं मोजणं बघायला मी कचेरी सुटल्यावर मुद्दाम त्या वाटेनं यायचो. पहिल्या मापाला मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तुझा तो 'लाभ' नदीच्या पलीकडं ऐकू जायचा. पायली काठोकाठ भरली की तू शेवटची मूठ वरून, अगदी सावकाश सोडायचास, आणि दाण्यांचा टोकदार ढीग काठाच्या वर उभा राहायचा. ती शीग. आडते चेष्टा करायचे, "सखारामा, आता वर झेंडा लाव, देऊळच झालं." लहानपणी मी तुझ्या बापाच्या मागं लागून एकदा पायली भरून बघितली होती. माझी शीग उभी राहायच्या आधीच चारी बाजूंनी घसरली. तू पोट धरून हसलास.

"मुन्शी, तुजा हात घाई करतो. दाना आपल्या आपन बसतो रं. त्याला बसू द्यावं."

माझा बाप तहसिलीत मुन्शी, म्हणून मी जन्मापासूनच मुन्शी. पुढं मीही त्याच कचेरीत, त्याच उर्दू दफ्तरापुढं बसलो. निजामाच्या अमलात त्या भाषेनं आमचं पोट भरलं. विलीनीकरण झालं आणि त्याच भाषेची मला लाज वाटू लागली. माझ्या शरमेचा उगम तिथं आहे, तुझ्यात नाही.

त्या गडबडीच्या दिवसांत कोण कुणाचा माणूस याची चौकशी गल्लीगल्लीत चालली होती. जुन्या कचेरीतल्या कारकुनांकडं लोक डोळे बारीक करून बघायचे. दोन-तीन दिवस मी दार लावून बसलो होतो. तू ऐन बाजाराच्या दिवशी दगड सोडून माझ्या पायरीवर येऊन बसलास. कुणी चौकशीला आलं की म्हणायचास, "ह्या मुन्शीनं कागदावर कुनाचं वाईट लिवलं न्हाय. म्या सांगतो. माज्या मापावर इस्वास हाय ना तुमचा? मंग माज्या बोलन्यावर ठिवा." आणि लोक परत गेले. तुझ्या मापाची पत तू माझ्यासाठी गहाण ठेवलीस. आत माझी बायको तुला चहा करत होती आणि मी दाराच्या फटीतून तुझी पाठ बघत होतो. त्या पाठीचे उपकार मी कसे फेडले, ते आता लिहायचं आहे.

सात-आठ वर्षांनी गावात बाजार सुधारायची हवा सुटली. त्यात चूक काही नव्हती, सखाराम. तुला आठवतंय ना बाजार कसा होता? वेशीत गाडी अडकली की मागं नदीपर्यंत गाड्यांची रांग. पावसाळ्यात चिखलात चाक रुतलं की ज्वारीची पोती तिथंच उतरवायची. कळंबला धान्याचा मोंढा झाला, आपले शेतकरी माल घेऊन तिकडं जायला लागले, आणि इथल्या दुकानदारांनी कमिटी केली. नवा रुंद रस्ता, एस. टी. थांब्यापासून थेट नदीपर्यंत. दोन्ही अंगांना एका ओळीत दुकानं, विजेचे खांब, गटारं. कमिटीचे अध्यक्ष आडत दुकानदार होते, हुशार आणि हसतमुख. मला त्यांनी कामाला घेतलं, कारण जुनं दफ्तर वाचू शकणारा गावात मीच उरलो होतो. जागांचे जुने कागद काढून त्यांचं मराठी करायचं, आणि हात वळणदार म्हणून रस्त्याचा नकाशाही मीच काढायचा.

मी पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली. ओटा त्या रेघेत बरोब्बर मधोमध आला.

नदीवर पाय धूत असताना मी तुला ते सांगितलं. तू आधी दुसरा पाय धुऊन घेतलास. मग म्हणालास, "मुन्शी, सडक दोन हात वाकवली तर तिचं पोट दुखतंय का?"

"सरळ रस्ता म्हणजे सरळ रस्ता. इंजिनियर लोकांना वाकडं चालत नाही."

"ही मांजरा वाकडीच वाहती की. तिचं कुठं अडलंय?"

"तिला ट्रक न्यायचे नसतात."

"ट्रक न्या की! म्या कुठं आडवा पडलोय? वेस पाडा, गटार करा, दिवं लावा. माज्या म्हाताऱ्या डोळ्यांना बरंच हाय. फकस्त वटा ऱ्हाऊ द्या. आन येक सांगतो, समदा बाजार सडकंवर नेला तर हिकडचं नदीचं तोंड मरून जाईल. बाजार पान्याजवळ पायजे. जनावर कुठं पाजशील, सडकंवर?"

मी हसलो. हा आपला शेवटचा मोकळा वाद. पुढं गावात बोललं जाऊ लागलं, की सखाराम सुधारणेच्या आड येतो, जुन्याला चिकटून बसतो. ती गोष्ट खोटी आहे हे मला ठाऊक होतं. मी ती पसरवली नाही, पण कधी खोडलीही नाही. आज खोडतो: तू रस्त्याला कधीच विरोध केला नाहीस. तू दोन हात वाक मागितलास.

त्याच सुमाराला दफ्तराच्या एका गाठोड्यात मला तो कागद मिळाला. एक पान, उर्दूतलं, खाली मोहर. त्यात लिहिलं होतं की पंचांसमक्ष बाजारातल्या दगडी मापाची तपासणी झाली, त्यात ज्वारी शिगेसह भरली, आणि ते माप सरकारी पायलीला तंतोतंत उतरलं. मी धावत तुझ्याकडं आलो. उताराच्या पायरीवर बसून आधी उर्दू वाचलं, मग मराठीत सांगितलं. तू तीनदा वाचायला लावलंस. मोहरेवरून बोट फिरवलंस.

"म्हंजी आज्ज्या सांगायचा ते खरं. शिगंसकट."

"शिगेसह. असाच शब्द आहे."

"जपून ठिव बाबा. वाळवी लागू दिऊ नगो."

मी जपून ठेवला, सखाराम. फारच जपून ठेवला.

ओटा पाडायला गावातल्या निम्म्या लोकांचा नकार होता. मग अध्यक्षांनी तोड काढली: दगडाची परीक्षा घेऊ. खरा निघाला तर रस्ता वाकवू, खोटा निघाला तर ओट्यासकट काढू. सगळे कबूल झाले. तू तर खुशीत होतास. सुगीचे दिवस होते, बाजार भरलेला. तहसिलीतून लोखंडी पायली आणली. परीक्षेच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी मला दुकानात बोलावलं, पान दिलं आणि सहज म्हणाले, "मुन्शी, उद्या ते जुन्या अमलाचे कागद मध्ये आणू नका हो. लोक म्हणतील, हे अजून कुणाची चाकरी करतात?" धमकी नव्हती. ते हसत होते. मीही हसलो आणि पान खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ओट्याभोवती सगळा बाजार जमला. लोखंडी पायलीत ज्वारी भरली, वरून फळी फिरवून सपाट केली आणि ती दगडात ओतली. खळगा भरला. पायलीत ज्वारी उरली होती. अध्यक्षांनी दगडावरही फळी फिरवली आणि उरलेली ज्वारी हातात घेऊन लोकांना दाखवली. "एवढी कमी. प्रत्येक पायलीमागं एवढी कमी. पिढ्यान्‌पिढ्या."

तू पुढं झालास. "फळी नगा लावू. शीग धरा. ही उरल्याली ज्वारी शिगंत बसती. म्या बसवून दावतो."

"शीग म्हणजे तुझ्या हाताची करामत, सखाराम. कमी भरायची असली तर कमी, जास्त भरायची असली तर जास्त. दगड शिगेसकट धरायचा असं लिहिलंय कुठं?"

"लिवलंय." तू अगदी विश्वासानं म्हणालास. "मुन्शीनं वाचलंय. मलाच वाचून दावलंय. सांग रं मुन्शी."

सगळा बाजार माझ्याकडं वळला. मी अध्यक्षांच्या उजव्या हाताला उभा होतो, हातात माझ्या नकाशाची गुंडाळी. मी म्हणालो, "मला असं काही आढळलं नाही."

ते पाच शब्द मी नीट स्पष्ट उच्चारले. आवाज कापलासुद्धा नाही.

बारा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भ्यालो. ते अर्धं खरं आहे. जुन्या अमलाचा माणूस म्हणून बोट दाखवतील याची भीती होती. पण उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मला माझी रेघ वाकवायची नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवत आलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःची म्हणून एक रेघ ओढली होती. सगळे तिचं कौतुक करत होते. त्या रेघेपायी तुला मी खोटा पाडला.

तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं आता ओरडशील, शिवी देशील, माझी गचांडी धरशील. तू तसं केलं असतंस तर कदाचित मी कागद काढला असता. तू खांद्यावरचा पंचा काढलास, दगडाच्या काठावर सांडलेली ज्वारी निपटून खळग्यात लोटलीस आणि म्हणालास, "असंल. मुन्शीजी खोटं कशापायी बोलतील? माजीच समज चुकली असंल."

मुन्शीजी. त्याच्या आधी पन्नास वर्षं मी तुझा 'आरं मुन्शी' होतो. त्या दुपारपासून मी 'मुन्शीजी' आणि 'तुमी' झालो, ते तू जाईपर्यंत. रागानं म्हटलं असतंस तर सोसलं असतं. तू आदरानं म्हणायचास.

ओटा पाडला. दगड उपटून नदीकडं लोटून दिला. त्याला गावानं नाव दिलं, खोटा दगड. आडत्यांनी तुला मोजायला बोलावणं बंद केलं. जवळच्याच गावातली काशीची सोयरीक बोलण्यात होती, ती मोडली. "खोट्या मापाच्या घरातली पोरगी आमच्या कणगीत नको," असं त्यांनी सांगून पाठवल्याचं माझ्या कानावर आलं. शेवटी तिला लांब परंड्याला दिलीस. त्या लग्नात मी जेवलो. आहेर करताना तुझ्या तोंडाकडं बघितलं नाही.

आणि तरी तू कुणापाशी माझं नाव काढलं नाहीस. लोक खोदून विचारायचे, "सखारामा, मुन्शीनं वाचलंय म्हनला हुतास ते काय?" तू तेच उत्तर द्यायचास, माजी समज चुकली. माझ्या पायरीवर बसून जी पत तू माझ्यासाठी गहाण ठेवली होतीस, ती मी बुडवल्यावरही तू मलाच सांभाळून घेत होतास.

आणखी चार-पाच वर्षांत सरकारनं किलोची वजनं आणली. पायली, अधोली, शेर, सगळं गेलं. चार-पाच वर्षं रस्ता थोडा वाकडा राहिला असता, तर दगड मानानं घरी बसला असता आणि तूही. हा हिशोब मी कितीतरी वेळा केला. त्यातून काही हाती लागत नाही.

तू नदीच्या वाळूत वाड्या केल्यास. उन्हाळ्यात मांजरा आटली की पात्रात खरबुजं आणि वाळकं लावायचास. बाजारात सगळे काटा घेऊन बसलेले, तू मात्र नगावर विकायचास. लहान-मोठं गिऱ्हाइकानं निवडून घ्यावं. त्यानंतर मी तुझ्या हातात तराजू बघितला नाही, माप बघितलं नाही. एकदा धीर करून तुझ्यापाशी गेलो. तू तीन-चार फळं टिचकी मारून बघितलीस आणि एक मला दिलंस. "हे न्या मुन्शीजी. आज संध्याकाळलाच कापा, उद्या उतरंल." घरी कापलं. तसं गोड खरबूज मी पुन्हा खाल्लं नाही. खाताना मला लाज वाटली आणि मी सगळं खाल्लं.

रस्ता चांगला झाला, हे मात्र मी अजून म्हणेन. तू असतास तर वाद घातला असतास, म्हणून म्हणतो. ट्रक आले, दुकानं दुमजली झाली, आपली ज्वारी कळंबला जायची थांबली. आणि तू म्हणालास तेही झालं. सगळा बाजार रस्त्यावर सरकला आणि नदीचं तोंड मेलं. घाटाच्या पायऱ्यांत घाणेरी माजली. बायका त्या दगडावर साबण ठेवायच्या, खळग्यात पाणी साचलं की चिमण्या त्यात अंघोळ करायच्या. मी रोज फिरायला जायचो ते त्या बाजूनं कधी जायचो नाही. माझ्याच सरळ रस्त्यावरून जायचो आणि नदी दिसायला लागली की परत फिरायचो.

आता नवी माणसं आली आहेत. नवे अध्यक्ष तरुण आहेत, शिकलेले. त्यांनी नदीकाठ पुन्हा जागता करायचं मनावर घेतलं. घाट दुरुस्त करायचा, झाडं लावायची, रस्त्याच्या टोकाला नवा ओटा बांधून त्यावर तो दगड बसवायचा आणि शेजारी पाटी लावायची. पाटीवर काय लिहायचं ते विचारायला ते आधी तुझ्याकडं आले. आणि तू त्यांना माझ्याकडं पाठवलंस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू स्वतः आलास. दोन महिने झाले असतील. माझ्या त्याच पायरीवर बसलास, खोकत. आत यायला म्हटलं तर आला नाहीस. काठी आडवी ठेवून म्हणालास, "त्या पोरांना म्या सांगितलं, मला वाचाया येत न्हाय. मुन्शीजींनी वाचलंय, त्यास्नी इचारा."

मी म्हणालो, "हो, आले होते. बघतो. कागद शोधावे लागतील."

"शोधा," तू म्हणालास. मग वाळूतल्या खरबुजांना यंदा कीड लागल्याचं बोललास. उठताना माझ्या दाराच्या चौकटीला हात धरून उभा राहिलास आणि म्हणालास, "घाई न्हाय."

आणि मी, सखाराम, तुझा तो शब्द धरून बसलो. पेटी दहा पावलांवर होती. मी रोज म्हणायचो, उद्या. आधी म्हटलं, एकादशी होऊ दे. मग म्हटलं, तुझा खोकला कमी होऊ दे, बरा हो, मग तुला बरोबर घेऊनच जाऊ. जन्मभर घाई करणाऱ्या हातानं नेमका तेवढ्यापुरता धीर धरला. एका सकाळी तुझा पुतण्या दारात येऊन उभा राहिला, आणि तो काही बोलायच्या आधीच मला कळलं की मला उशीर झाला.

तेराव्यानंतर मी तुझ्या घरी काशीकडं गेलो. ती अंगणात तुझी वाकळ उन्हात घालत होती. मी कागद काढून तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं, खाली बघत. ती वाकळीच्या कडा ओढून सारख्या करत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "म्हंजी बाबाला ठावं हुतं, तुमी खोटं बोलला ते?"

"होतं. मीच तर त्याला वाचून दाखवलं होतं."

"मंग आमाला का म्हनायचा त्यो, माजी समज चुकली? आय मरस्तवर त्याला बोलत ऱ्हायली, कशाला नको तिथं तोंड घातलंस म्हनून."

 मी कागद आणखी पुढं केला.

"मला काय दावता, काका? मला कुठं वाचता येतं? बाजारात बोलला हुता न्हवं? बाजारात वाचा."

काल बाजार होता. नवा ओटा तयार आहे, दगड त्यावर बसवलाय, घासूनपुसून. मी तिथं उभा राहिलो आणि वाचायला सुरुवात केली. आधी उर्दू, मग मराठी, जसं तुला वाचून दाखवलं होतं तसं. मग सांगितलं की हा कागद मला परीक्षेच्या आधीच मिळाला होता, तो मी सखारामला वाचून दाखवला होता, आणि त्या दिवशी मी इथंच उभा राहून खोटं बोललो.

तुला वाटत असेल बाजार थांबला असेल. तसं काही झालं नाही. मागं कुणी विचारत होतं, "कोन वरडतंय?"

"म्हातारा मुन्शी."

"काय म्हनतोय?"

"खोटं बोललो हुतो म्हनतोय."

"कवा?"

"झालं लई दिस."

एका पोरसवदा दुकानदारानं शेजारच्याला विचारलं, "पायली म्हंजी किती किलू?" बारा वर्षं ज्या गोष्टीला मी भीत होतो तिला आता कुणी ओळखतही नव्हतं. पण म्हातारी माणसं थांबली होती. ज्यांनी तुला मोजायला बोलावणं बंद केलं त्यांतले दोघं होते. त्यांनी माना खाली घातल्या. गोदाबाई टोपली डोक्यावरून उतरवून पुढं आली. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मुन्शी, कावळ्याच्या आधी यायचं हुतं की."

एवढंच म्हणाली. तिच्यापेक्षा खरं मला कुणी बोललेलं नाही.

पाटीचा मजकूर मी लिहून नेला होता. चारच ओळी: हा गावाच्या पायलीचा दगड. शीग धरली तर खरा. सखाराम मापाडी खरं बोलत होता. परीक्षेच्या दिवशी खोटं बोलला तो मुन्शी, आणि खाली माझं पूर्ण नाव. नव्या अध्यक्षांनी वाचलं, मला बाजूला घेतलं आणि आपुलकीनं म्हणाले, "काका, शेवटची ओळ कशाला? दगड खरा, सखाराम खरा, एवढं पुरे झालं. तुमचं वय बघा. नातवंडं याच रस्त्यानं शाळेत जातात."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. तेच हसू होतं, तोच हळू आवाज, फक्त या वेळी माणूस मनानं चांगला होता. मी म्हणालो, "ती ओळ नसेल तर पाटी लावू नका. लोक विचारतील, मग त्या दिवशी खोटं कोण होतं?" त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. लावतील असं वाटतं. नाही लावली तर हे लिहिलेलं आहे.

मग काशी पुढं आली. एका आडत्याच्या माळ्यावरून जुनी लोखंडी पायली तिनं मिळवली होती. पायलीत ज्वारी भरून फळी फिरवली, अगदी त्या दिवशीसारखी, आणि दगडात ओतायला लागली. खळगा काठोकाठ भरला. पायलीत थोडी ज्वारी उरली. आता मात्र बाजार खरंच थांबला. तिनं उरलेली ज्वारी मुठीमुठीनं वरून सोडायला सुरुवात केली, सावकाश, तुझ्यासारखी. ढीग वर चढत गेला. एखादा दाणा घसरला की ती बोटाच्या पाठीनं त्याला परत वर सारायची. शेवटची मूठ उरली तेव्हा माझा हात आपोआप पुढं गेला.

"ऱ्हाऊ द्या, काका," ती म्हणाली.

मी हात मागं घेतला. तिनं शेवटची मूठ सोडली. पायली रिकामी झाली आणि दगडावर शीग टोकदार उभी राहिली. काशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नदीच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाभ."